आतून लावलेलं सिलिकॉन

मी सिव्हिल इंजिनियर आहे हे आमच्या घरमालकांना कळलं आणि तिथून माझी वाट लागली. चूक त्यांची नाही. भाड्याच्या खोल्या बघायला गेलो होतो, समोरचा म्हातारा आपल्याला न्याहाळतोय हे पाहून मी छाती जरा पुढे काढली आणि कोणी न विचारता डिग्री सांगून टाकली. पार्ल्यात वाढलेल्या माणसाला शिक्षण सांगितल्याशिवाय आपली ओळख पुरी झाली असं वाटतच नाही. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "इंजिनियर मां तू? बरा झाला," म्हणाले. त्यानंतर आम्ही भांडुपला त्यांच्या घरात राहिलो तेवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. माझी बायको 'गो बाय' आणि मी 'इंजिनियर'. गल्लीनंही तेच उचललं. भाजीवाला मला इंजिनियर म्हणून किडकी वांगी द्यायचा.

आता खरं सांगायचं तर मी अंधेरीच्या एका ऑफिसात एसीत बसून दुसऱ्यांनी काढलेली पुलांची ड्रॉइंगं तपासतो. बाण उलटा काढला असेल तर लाल पेनानं त्याला गोल करतो. माझ्या हातानं आजवर फक्त एकदा सिमेंट कालवलं गेलंय, कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि तो ठोकळा मशीनमध्ये ठेवायच्या आधीच फुटला. पण खोल्या मिळवताना हे कोण सांगत बसतो?

काका, म्हणजे आमचे घरमालक, पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं झाकण उघडायचं, छातीइतकी उंच लोखंडी चावी आत घालायची आणि कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. भांडुपच्या चढावर राहणाऱ्या माणसाला त्या चावीपुढे देवाची सुद्धा पर्वा नसते. नोकरीत असताना चढावरच्या बायका म्हणे त्यांना बांगडे आणून द्यायच्या. ते बांगडे घ्यायचे नाहीत, पण कोणी आणले नाहीत ते लक्षात ठेवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी पाण्याच्या वेळेला ते पाइपाला कान लावून उभे राहायचे आणि आपल्या जागी आलेल्या माणसाला बसल्या जागी शिव्या घालायचे. त्यांच्यासमोर 'पाणी गेलं' म्हणायची सोय नव्हती. पाणी जात नाही, दुसऱ्याकडे जातं, असं ते ताबडतोब सुनवायचे.

माणसांबद्दलही ते पाण्याच्याच भाषेत बोलायचे. जो माणूस काम अंगावर घेऊन तडीला नेत नाही त्याच्यात 'प्रेशर नाय'. जो रुसून बसलाय त्यानं 'हवा धरलीन', म्हणजे पाइपात हवा अडकली की पाणी थांबतं तसं. माझी बायको माझ्याशी बोलत नसली की ते जिन्याखालून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारायचे, हवा धरलीन काय रे? माझ्यात प्रेशर नाही हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

भेट म्हणून ते नळाचे वॉशर द्यायचे. शर्टाच्या खिशात कायम असायचे. दिवाळीत आम्ही त्यांना फराळाचं ताट नेऊन दिलं. ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मूठभर काळे वॉशर ताटात मांडून पाठवले. बायकोनं ते साखरेच्या डब्याशेजारी ठेवून दिले. टाकून द्यायचा तिला धीर झाला नाही.

त्या घराला पुढचं दार एकच. दार उघडलं की छोटा पॅसेज, डावीकडे काकांची खोली आणि समोर आमच्याकडे येणारा जिना. दारावरची बेल काकांनी स्वतःच्या हातानं काढून टाकलेली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात लाकडी पट्ट्यांत बसवलेली काच होती, आणि त्या काचेमागे स्टूल टाकून काका दिवसभर बसायचे. येणारा माणूस दाराशी पोचायच्या आत तो कशासाठी आलाय हे ते ठरवायचे, आणि ठरेपर्यंत दार उघडायचे नाहीत. माझ्या सासऱ्यांना त्यांनी एकदा भर पावसात तसंच उभं ठेवलं, कारण त्यांच्या मते तो माणूस मतं मागायला आला होता. तेव्हापासून सासरे फोन केल्याशिवाय येत नाहीत. त्यात माझा तसा फायदाच झाला.

आणि नेमकी हीच काच गळायची.

पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आला की काचेच्या कडेनं पाणी आत शिरायचं, दाराच्या आतल्या बाजूनं ओघळायचं आणि पॅसेजमध्ये तळं व्हायचं. त्या तळ्यातून आमच्या चपला एकेकट्या जिन्यापर्यंत यायच्या. काका तिथंच, पाय वर घेऊन, स्टुलावर. बायको म्हणाली, सुताराला बोलवा, काच काढून प्लाय मारा, तासाभराचं काम आहे. मी खाली जाऊन ते काकांना सांगितलं, अर्थातच कल्पना माझी असल्यासारखं. ते म्हणाले, "काच काढूची नाय." बरं, काच राहू दे, सुतार तरी येऊ दे? तर घरात कारागीर आणायचा नाही हे त्यांचं तत्त्व. कारागीर एकदा आत शिरला की घर त्याचं होतं आणि आपण त्याला चहा देणारे उरतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय घरात इंजिनियर असताना सुतार कशाला?

त्या काचेत काहीतरी आहे हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ते आलं बायकोच्या. ती म्हणाली, काका देवळात गेले की एकदा त्यांच्या स्टुलावर बसून बघ. मी बसलो. तिथून गल्ली धड दिसतच नव्हती. दिसत होती ती शेजारच्या घराची पायरी.

शेजारचं घर त्यांच्या धाकट्या भावाचं. भिंतीला भिंत लागून, पुढचा ओटासुद्धा दोघांचा मिळून एकच, सलग. पण भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. धाकट्यांनी घर वाढवलं, वास्तुशांतीचं जेवण होतं, गावाहून माणसं आली होती, आणि थोरल्यांनी भर पंगतीत, गवंड्याच्या देखत सांगितलं की मोरीचा उतार उलटा पडलाय, पाणी स्वयंपाकघरात येणार. धाकटे भडकले. ते एक वेळ निवळलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पाणी खरोखरच स्वयंपाकघरात आलं. थोरला भाऊ चुकला असता तर धाकट्यानं चार लोकांत हसून सोडून दिलं असतं. तो बरोबर निघाला, हे काही त्याला सोसलं नाही.

तेव्हापासून धाकटे आपल्या पायरीवरून उतरताना मान पलीकडे ठेवायचे, आमचं दार नजरेला पडू नये म्हणून. आणि थोरले काचेमागून त्यांचं येणं-जाणं बघत बसायचे. भाऊ बाजारातून काय आणतो, खोकतो का, चप्पल नवी घेतली का. मला एकदा म्हणाले की त्यानं हवा धरलीय, सुटेल आपोआप. पण दोघंही सत्तरी ओलांडून गेले होते आणि हवा काही सुटत नव्हती. धाकट्यांना घरी यायला उशीर झाला की काका स्टुलावरून हलायचे नाहीत, जेवायलासुद्धा. पायरीवर त्यांची चप्पल वाजली की मग उठायचे. मला ते बघून फार वाईट वाटायचं. पण त्यात मी काय करणार होतो? माझ्या हातात करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गळती.

सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन मी ऑनलाइन मागवली. व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस बिस्किटाला क्रीम लावावं तसं सिलिकॉन लावत होता, आणि त्याची पँट शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. रविवारी सकाळी मी हाफपँट घालून खाली उतरलो. बाहेर पाऊस होता. पाणी तर आतल्या बाजूला दिसत होतं, मग आतूनच बंद करायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. काकांनी स्टुलावर बसून टॉर्च धरला. उभं आयुष्य पाणी सोडण्यात घालवलेला एक माणूस आणि कागदावर गोल काढण्यात घालवलेला दुसरा, असे आम्ही दोघं पाणी अडवायला बसलो. जाड लाव, काका म्हणाले, "पाण्याक वाटाक होया, हय कोण तरी रवता." इथे कोणीतरी राहतं हे पाण्याला कळावं म्हणून मी काच आतून चारी बाजूंनी लिंपली. निम्मं सिलिकॉन पट्टीवर गेलं, उरलेलं काचेवर, आणि थोडं माझ्या भुवईला. ते निघायला बायकोला खोबरेल तेल लागलं.

दुसऱ्या दिवशी पॅसेज कोरडा ठणठणीत. मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी अंगठा पाठवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. ऑफिसात त्या दिवशी मी लाल पेनानं नेहमीपेक्षा मोठे गोल काढले.

पण पाणी बाहेरून येतच होतं. पूर्वी ते पट्टीमागून आत यायचं आणि निदान ओघळून निघून तरी जायचं. आता त्याची आत यायची वाट उघडी होती आणि निघायची मी बुजवली होती. ते काचेखालच्या लाकडात मुरायला लागलं. थोड्याच दिवसांत दार फुगलं. आधी लावताना कुरकुरायचं, मग खांदा द्यावा लागायला लागला, आणि लाकडाच्या तळातून पाणी पुन्हा झिरपायला लागलं ते वेगळंच. शिवाय काचेवर फासलेल्या सिलिकॉनचा पांढरा थर बसला आणि काकांना भाऊ धड दिसेना. बाकी सगळं त्यांनी सोसलं, हे मात्र त्यांना चाललं नाही. ते रोज लिंबू कापून काच घासायला लागले, आतून आणि बाहेरून, आणि पिळलेल्या फोडी उंबऱ्याबाहेर टाकायला लागले.

पाणी नेमकं कुठून शिरतं ते रंग लावून शोधायचं, ही शास्त्रीय कल्पना माझी. काचेच्या वरच्या कडेला बाहेरून एक रंग, बाजूंना दुसरा. आत जो रंग उतरेल ती पाण्याची वाट. रंग कुठून आणायचा असा प्रश्न पडला तेवढ्यात काका देवघरातून दोन वाट्या घेऊन आले. वर कुंकू लावलं, बाजूंना हळद. फट कुठे आहे ते धुरावरून कळावं म्हणून काकांनी उदबत्ती पेटवली आणि बाहेर उभं राहून काचेच्या कडेकडेनं हळूहळू फिरवली. मग ती चौकटीच्या भेगेत खोचून ठेवली. बायको जिन्यावरून हे बघत होती. आज अमावास्या आहे, निदान आज तरी हे नको, असं ती म्हणाली. विज्ञानाला अमावास्या नसते, असं मी तिला म्हणालो. हे माझं वाक्य पुढे मी घरात पुष्कळ वेळा ऐकलं.

मग सर आली. काका आत टॉर्च घेऊन, मी छत्री घेऊन बाहेर ओट्यावर. बघतो तर काचेवर पाऊस असा फारसा पडतच नव्हता. वरून एक जाड धार येत होती, थेट काचेच्या वरच्या कडेवर. मी मान वर केली. धाकट्यांनी आदल्या वर्षी आपल्या बाजूच्या ओट्यावर निळा पत्रा घातला होता. त्याचा उतार जरासा आमच्याकडे होता. सगळ्या पत्र्याचं पाणी कोपऱ्यात गोळा होत होतं आणि वाऱ्यानं आमच्या दारावर आपटत होतं. काच बिचारी निर्दोष होती. पत्रा कोपऱ्यात वीतभर कापला असता तर विषय संपला असता.

मला इतका आनंद झाला की मी आत आलो आणि दार धाडकन लावलं. फुगलेलं दार चौकटीत गच्च जाऊन बसलं, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं. सापडलं, काका, मी म्हणालो, शेजारच्या पत्र्याचं पाणी आहे, मी आत्ता जाऊन त्यांना सांगतो.

काकांनी टॉर्च विझवला. "माका ठावक असा," ते म्हणाले.

मला काही कळेचना. ठाऊक होतं, मग हे सिलिकॉन, हे कुंकू, हा सगळा उद्योग कशासाठी? ते स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"एकदा तेका पाण्याबद्दल खरा सांगितलंय. ता अजून फेडतंय. परत सांगूचा नाय. तू पण सांगूचा नाय."

मग ते म्हणाले की मी काच नीट बंद करीन असं त्यांना वाटलं होतं. गळती थांबली असती, पत्र्याचं नाव कुठं निघालंच नसतं. माझ्या डिग्रीवर एवढा विश्वास माझ्या आईवडिलांनीही कधी टाकला नव्हता, आणि मी त्याचं हे करून ठेवलं होतं. मला त्या क्षणी फार लाज वाटली.

इकडे हे चाललं असताना बाहेर पाणी आपल्या वाटेनं निघालं होतं. ओट्याचा उतार धाकट्यांच्या बाजूला. हळदीकुंकवाचा लाल-पिवळा ओघळ, त्यात लिंबाच्या पिळलेल्या फोडी, हे सगळं वाहत त्यांच्या पायरीपाशी जाऊन थांबलं. वर आमच्या चौकटीत उदबत्ती, आणि दिवस अमावास्येचा. कोकणातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. कोणीतरी आपल्यावर करणी केली, एवढाच त्याचा अर्थ. धाकट्यांच्या बायकोनं दार उघडलं, पाणी पाहिलं, आणि तिचा आवाज आम्हाला भिंतीतून ऐकू आला. थोरल्यांनी एवढंच करायचं बाकी ठेवलं होतं, असं ती नवऱ्याला सांगत होती.

आणि काचेपलीकडे धाकटे येऊन उभे राहिले. लुंगी वर खोचलेली, हातात लिंबाची फोड, मान एकदम सरळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या दारासमोर होते. काका ताडकन उठले. दोघांच्या मध्ये फक्त ती काच.

"दार उघड," धाकटे म्हणाले.

काकांनी कडी काढून दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी. मग मी ओढलं, तर दाराची मूठच माझ्या हातात आली. काकांचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. भाऊ दारात आलाय आणि आपण दार उघडत नाही असं त्याला वाटणार, तो पाठ फिरवणार आणि पुन्हा कधी येणार नाही, या भीतीनं तो माणूस चौकटीच्या फटीत नखं घालून दार उपसायला लागला. आणि पलीकडे धाकट्यांना अगदी तसंच वाटलं होतं. उघडायचं नसेल तर तसं सांग, असं म्हणून ते वळलेसुद्धा.

काकांनी काचेवर थाप मारली. "जाव नको! दार फुगलाहा, माका उघडूक जमणा नाय. तू ढकल."

धाकटे थांबले. काचेतून भावाकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातलं लिंबू टाकलं आणि दाराला खांदा लावला.

पुढचा बराच वेळ दोघं भाऊ काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांना अक्कल शिकवत होते. थोरले म्हणत होते वर उचलून ढकल, धाकटे म्हणत होते वर नाही, खाली अडलंय. तू ओढतोस केव्हा आणि मी ढकलतो केव्हा, एकदम जोर नको का लावायला? स्वतःचं दार स्वतःला उघडता येत नाही, दुसऱ्याच्या मोरीचे उतार मात्र बरे दिसतात. हे ऐकूनही काका नुसतं दार ओढत राहिले, हे मी स्वतः पाहिलं. मी मध्ये एक सूचना केली तेव्हा मात्र दोघांनीही मला एकाच वेळी गप्प राहायला सांगितलं. शेवटी धाकट्यांनी खाली लाथ घातली, थोरल्यांनी कडीला धरून दार उचललं, आणि दार धाकट्यांना घेऊनच आत आलं. काका पॅसेजमधल्या पाण्यात बसले आणि धाकटे त्यांच्या अंगावर. काचेला ओरखडाही आला नाही.

उठता उठता धाकट्यांना आठवलं की आपण भांडायला आलोय. लाल झालेली लुंगी झटकत ते म्हणाले, "ह्या काय मांडलंस दारात? आज अवस असताना?"

"दार गळता," काका म्हणाले. "पाणी खयसून येता ता बघत होतंव."

"खयसून येता?"

आणि धाकटे बाहेर बघायला वळले. धार पडतच होती. त्यांची मान जरा वर गेली असती की निळा पत्रा दिसला असता. मोरी झाली, आता पत्रा. पुन्हा पाणी, पुन्हा थोरला भाऊ बरोबर, पुन्हा सगळं पहिल्यापासून. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्यावर हुकूम सोडायचे, चिडायचे, पण विनवणी त्यांनी तोवर कधी केली नव्हती.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "सिलिकॉन बाहेरून लावायचं असतं. मी आतून लावलं."

धाकट्यांची मान तिथंच थांबली आणि माझ्याकडे वळली. "इंजिनियर मां तू?"

मी हो म्हणालो.

ते काचेपाशी गेले, नखानं सिलिकॉन उकरलं, त्याची लांबच लांब पट्टी ओढून काढली आणि भावापुढे धरली. काका म्हणाले, प्रेशर नाय. धाकट्यांना हसू आलं. मग दोघांनी मिळून माझं शिक्षण, माझं कॉलेज, मला पास करणारे मास्तर यांच्याबद्दल जे काही बोलायचं ते मनसोक्त बोलून घेतलं. मी तपासलेले पूल कुठे कुठे आहेत हे धाकट्यांनी माझ्याकडून नीट विचारून घेतलं, त्यांवरून जाणं टाळता यावं म्हणून. करणीचा विषय त्यात राहूनच गेला. बायकोनं वरून चहा आणला. धाकटे जिन्याच्या पायरीवर बसून तो प्यायले, आणि कप परत देताना कोणाकडेच न बघता म्हणाले की गळती अशी एका दिवसात समजत नाही, उद्या पाऊस पडला की परत बघायला हवी.

उद्या ते आले. परवाही आले. त्यांनीच रंधा आणून दार तासून दिलं, तेव्हा ते पूर्वीसारखं उघडायला लागलं. मी सिलिकॉन बाहेरून लावलं, व्हिडिओतल्या माणसासारखं, तरी एवढी धार अंगावर पडल्यावर काच काय करणार? पाणी थोडं थोडं येतच राहिलं. दोघं भाऊ काचेमागे दोन स्टुलं टाकून ते येताना बघायचे. पाऊस संपला तरी धाकटे येतच राहिले, लाकूड उन्हात कसं वागतं ते बघायला. घरी पाहुणा आला की काका त्याला आधी गळती दाखवायचे आणि मग मला हाक मारून, मी कोण ते सांगायचे. एकदा तर माझ्या सासऱ्यांना दोघांनी शेजारी बसवून सगळा इतिहास ऐकवला. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ग्रुपवरचा तो अंगठा त्यांना परत हवा असावा. बायको म्हणायची, अरे, एकदा खरं सांगून मोकळा हो ना. मी म्हणायचो, बघू.

आम्ही ते घर सोडलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा तोंडावर आला होता. मी ऑफिसला निघालो तर धाकटे शिडी लावून आपल्या पत्र्यावर रंग मारत होते. रंगवत रंगवत ते कोपऱ्यापर्यंत आले, नेमक्या त्याच कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं त्यांचा ब्रश थांबला. त्यांनी खाली आमच्या दाराकडे पाहिलं. पत्र्याच्या कडेवरून सरळ रेघ ओढल्यासारखी नजर काचेवर उतरली. मग त्यांनी मला हाक मारली.

"इंजिनियर, तुमच्या दारात पाणी खयसून येता रे?"

आयुष्यात एकदाच माझं निदान बरोबर आलं होतं. ते अगदी ओठांवर आलं. आत काका स्टुलावर बसले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"माझंच चुकलं तेव्हा," मी म्हणालो. "आतून लावलं ना मी सिलिकॉन."

धाकट्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि तो कोपरा, होता तसाच, रंगवायला घेतला.

"बरा," ते म्हणाले. "तसाच सांगत रव."